साजाटोल्याचे पाच नमुने

“मॅडम, साजाटोल्याचे पाच नमुने आनलो. लिहून घेता का?”

चैतराम रहांगडाले यांनी थर्माकोलचा डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि गळ्यातल्या दुपट्ट्याने कपाळ पुसलं. खिडकीच्या आत बसलेली मॅडम म्हणजे त्यांची एकुलती मुलगी चेतना. गोंदियाच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत, गावोगावहून येणारे नमुने नोंदवून घ्यायचं काम ती सात वर्षं कंत्राटावर करत होती. चैतराम पाच वर्षांपासून साजाटोल्याचे जलसुरक्षक होते. पहिल्यांदा नमुने घेऊन आले तेव्हा त्यांनी तिला गमतीने मॅडम म्हटलं होतं. तेव्हा ती हसली होती.

आज तिने मान वर न करता रजिस्टर ओढलं.

“किती वाजता घेतले?”

“सात वाजता. टाकीचं पानी सोडलं, मंग एकेका नळावर गेलो. शेवटचा टोलीतल्या नळाचा.”

आतल्या टेबलावरून कैलाश कटरेने आवाज दिला. जंतूंची तपासणी तो करायचा. “आले का बाबूजी? तुमचं पानी म्हंजे गंगाजल हाय. आमाले तपासाचं कामच नाई.”

“गंगाजल तपासून पाहा आधी, मंग माह्या पान्याले नाव ठेवजा,” चैतराम म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले.

कैलाशही हसला, पण हसता हसता त्याने चेतनाकडे पाहिलं. ते पाहणं तिला समजलं. तिने पाच क्रमांक लिहिले, पाच चिठ्ठ्या चिकटवल्या आणि डबा आत सरकवला.

“हे घे.” चैतरामांनी खिडकीतून एक पुडकं आत सारलं. “शिंगाडे होत. तुह्या मायनं उकडून देल्लन. गरम आहेत आजून.”

“ठेवा तिथं.”

“चाल ना, चा पिऊ.”

“काम आहे, बाबूजी.”

खिडकीशी वाकून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “बाटल्या कोन धुते वं तुमच्याकडं?”

“काऊन?”

“उगाच.”

“धुणारी बाई आहे. सगळं नियमानं होते.” तिचा स्वर तिला वाटला त्यापेक्षा कडक निघाला.

“होय, होय. नियमानंच होत असंन.” त्यांनी मागच्या खेपेचा रिकामा डबा सायकलच्या कॅरिअरला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. “रविवारी येजो. रिंकीची कावीळ उतरली आता. खेळून राहिली.”

सायकल फाटकाबाहेर वळेपर्यंत चेतना रजिस्टरच्या त्याच ओळीकडे पाहत होती.

रिंकी ही सरपंच नत्थूलाल बिसेन यांची नात. टोलीत, म्हणजे गावाच्या कडेच्या वस्तीत राहायची, चैतराम शेवटचा नमुना घ्यायचे त्याच नळाच्या समोर. गावात कावीळ होती आणि गावाचं पाणी मात्र दर वेळी स्वच्छ निघत होतं. ही गोष्ट चेतनाच्या मनात मार्चपासून काट्यासारखी रुतून होती.

सुरुवात कैलाशने केली होती. बाटली उघडली की त्याला ब्लिचिंग पावडरचा वास आला. आता, नळाच्या पाण्यात जंतू मारायला ही पावडर असतेच, पण बाटलीत तिचा वास उरायला नको, कारण प्रयोगशाळा प्रत्येक बाटलीत आधी एक भुकटी घालून ठेवते. ती भुकटी पावडरचा जोर मारते. नाहीतर वाटेत बाटलीतल्या बाटलीतच जंतू मरून जातील आणि घाण पाणीही चांगलं ठरेल. कैलाशने त्या पाण्यात तपासणीच्या औषधाचे दोन थेंब टाकले होते. पाणी पिवळं झालं होतं. म्हणजे पावडर जिवंत होती.

“आपल्या भुकटीले पुरून उरंन, इतकी पावडर हाय याच्यात,” तो म्हणाला होता. “नळातून इतकी येत नाई, चेतना. वरून चिमूटभर टाकल्याबिगर असं होत नाई. मी काई बोलत नाई. तू पाहून घे.”

तिने पाहायला सुरुवात केली. आणि एकदा पाहायला लागल्यावर सगळंच दिसायला लागलं. बाकी गावांचे लोक नमुन्याच्या आदल्या दिवशी बाटल्या न्यायचे. बाबूजी चार दिवस आधी न्यायचे. का? दर वेळी जाताना दोन बाटल्या जास्तीच्या मागायचे. का? बाटल्या कोण धुतं, झाकण कोण लावतं, साहेब मोजून घेतो का, असले प्रश्न विचारायचे आणि वर म्हणायचे, उगाच. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हल्ली एक प्लास्टिकची डबी असायची. एकदा तिने विचारलं, काय आहे, तर म्हणाले, काई नाई.

गावासाठी केलं असेल, असंही तिला वाटायचं. राज्याच्या योजनेत प्रत्येक विहिरीला आणि नळाला क्रमांक होता. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाहणी व्हायची, आणि तिच्यावरून गावाला कार्ड मिळायचं. लाल म्हणजे धोका, पिवळं म्हणजे सुधारणा हवी, हिरवं म्हणजे सुरक्षित. पाच वर्षं ओळीने हिरवं राहिलं तर चंदेरी. साजाटोल्याची चार वर्षं हिरवी झाली होती. हे पाचवं. पंचायतीच्या भिंतीवर चंदेरी कार्डासाठी खिळा आधीच ठोकून ठेवलेला तिने पाहिला होता.

गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या तिच्या भाड्याच्या खोलीत दोन कपाटं पुस्तकांनी भरलेली होती. कादंबरीतला माणूस कुठे खोटं बोलतोय हे तिला चटकन कळायचं. स्वतःच्या बापाचं तिला तसंच कळलं, असं ती धरून चालली होती. विचारायचं मात्र राहून जात होतं. विचारलं आणि ते हो म्हणाले तर? आणि नाही म्हणाले, तरी तिला खरं वाटलं नसतं. या रविवारी विचारू, असं तिने ठरवलं.

दुपारी कैलाशने डबा उघडला. एक बाटली नाकाशी नेली. ती बाजूला ठेवली.

शिंगाडे तिने संध्याकाळी खोलीवर सोलून खाल्ले. थंड झाले होते.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सकाळी साजाटोल्यात नळाला पाणी आलं, पण चैतराम टाकीवरून खाली आले नाहीत. नळावर घागर लावून बसलेल्या मुन्नीबाईच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं. रोज पाणी सुटलं की पाठोपाठ ते सायकलवरून यायचे, धार पाहायचे, काचेच्या नळीत पाणी धरून, औषधाचे थेंब टाकून ते पिवळं होतं का बघायचे. ती टाकीकडे गेली, खालून हाका मारल्या. वर चढलेल्या माणसांना ते कठड्याला पाठ लावून बसलेले सापडले. बादलीतलं पावडरचं पाणी टाकीत ओतून झालेलं होतं. बादली पालथी घालून बाजूला ठेवलेली होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

पंधरा दिवसांनी चेतना कामावर आली, तेव्हा तिच्या टेबलावर कैलाशने अहवाल ठेवलेला होता. साजाटोला, पाच नमुने, पाचही पिण्यायोग्य. तिला तो रजिस्टरला आणि संगणकावर चढवायचा होता. एवढं केलं की गावाचं पाचवं वर्ष हिरवं झालं असतं.

“चढवून टाक,” कैलाश म्हणाला. “आता काय राहिलं त्याच्यात? मानूस गेला.”

तिने अहवाल ड्रॉवरमध्ये ठेवला.

रविवारी ती गावी गेली. घरी पोचते न पोचते तोच नत्थूलाल बिसेन आले. पांढरं धोतर, हातात कागदांची फाइल. अंगणातल्या खाटेवर बसत ते म्हणाले, “बाई, चंदेरी कार्डाचा कार्यक्रम ठरवून राहिलो. चैतरामचा फोटो टेबलावर ठेवू, हार घालू. त्याच्याच हातानं कमावलेलं कार्ड होय ते. तुह्या ऑफिसातून तेवढा रिपोर्ट येऊ दे लवकर.”

“येईल, काका.”

“लागला काऊन इतका वेळ?”

“कामं तुंबली आहेत.”

नत्थूलालांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग चेतनाची आई शकुंतलाबाई यांनी आणलेला चहा बशीत ओतून प्यायले आणि उठले.

ते गेल्यावर आई गोठ्याकडे वळली. चेतना आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं आणि बापाची पेटी उघडली. आपण काय करतोय हे तिला चांगलं कळत होतं. घडी घातलेले सदरे तिने एकेक करून उचलले, खिसे चाचपले. तिसऱ्या सदऱ्याच्या खिशात ती डबी होती. झाकण घट्ट बसलेलं. तिने ते नखाने उचकटलं. आत पांढरी पावडर.

तिने डबी नाकाशी नेली. वास नव्हता. पुन्हा हुंगली. ब्लिचिंग पावडरला वास असतोच असतो. तिने बोटाचं टोक जिभेला लावलं.

“कायले चाटून राहिली? सोडा होय तो.” शकुंतलाबाई दारात उभ्या होत्या. “खायाचा सोडा. तुह्या बाटल्या धुवाचा.”

“माझ्या बाटल्या?”

“मंग कोनाच्या? तुमच्या ऑफिसातल्या बाटल्या घान राहते म्हने. खाली पांढरं पांढरं चिपकून राह्यते. आधी नुसत्या पान्यानं धुवत. निंगत नाई पुरं, म्हून मंग यंदा सोडा आनलन. चूल पेटवाव, पानी उकळवाव, एकेक बाटली घासाव, मंग दोन दिवस वाळवाव. मी म्हनलो, इतकी खटपट कायले, पोरीले सांगून द्या ना. तर म्हने, सांगलो तर साहेबाच्या कानी जाईन. पोरीची नोकरी कंत्राटाची. बाटल्या घान देते म्हून तिच्यावर येईन. आपन धुऊन घेतलं का झालं.” आईने डोळ्यांना पदर लावला. “चल, दाखवतो तुले. दोन अजून तितंच आहेत. मी हात नाई लावलो.”

गोठ्यामागच्या कुंपणाच्या दोन बांबूंवर दोन बाटल्या पालथ्या घातलेल्या होत्या. जास्तीच्या दोन. एखादी फुटली तर असू द्यावी म्हणून मागून घेतलेल्या. काच इतकी लख्ख होती की तिच्यातून पलीकडचं धानाचं शेत पिवळंधमक दिसत होतं.

चेतना जवळच्या दगडावर बसली.

ती भुकटी. प्रयोगशाळेत ती पाण्यात विरघळवून बाटलीत तिचे थेंब टाकतात, मग बाटली भट्टीत तापवून निर्जंतुक करतात. वाळल्यावर तळाशी पांढरट डाग राहतो. तिने तो हजारो बाटल्यांत पाहिला होता. तो डाग म्हणजे घाण आहे असं पाहणाऱ्याला वाटेल, हे तिच्या, कैलाशच्या, साहेबाच्या, कुणाच्याच डोक्यात कधी आलं नव्हतं. पावडर वरून टाकलेलीच नव्हती. भुकटी धुतली गेली होती, एवढंच. नळाच्या पाण्यातली थोडीशी पावडर गोंदियापर्यंतच्या वाटेत बाटलीतल्या जंतूंना मारत येत होती.

“त्यांना कोणी सांगितलं होतं धुवायला?” तिने विचारलं.

आईने फळीवरची वही आणून दिली. पाच वर्षांपूर्वीच्या तालुक्यातल्या प्रशिक्षणाची. चैतरामांचं अक्षर सातवी शिकलेल्या माणसाचं, पण सरळ रेषेत. ‘बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी.’ खाली दोन रेघा मारलेल्या. हा नियम खरा होता. पण तो क्षार तपासायच्या मोठ्या प्लास्टिकच्या बाटलीचा. जंतूंच्या छोट्या काचेच्या बाटलीला पाणीही लावायचं नसतं. ते प्रशिक्षणात दुपारच्या सत्रात सांगत असत. वहीत दुपारचं पान कोरं होतं.

“त्या दिवशी दुपारीच आले होते परत,” आई म्हणाली. “पावडरची गाडी येनार होती गावात. उतरवून घ्याले कोनी नव्हतं.”

सोमवारी चेतना नव्या बाटल्या घेऊन पुन्हा साजाटोल्यात आली, न धुतलेल्या. टाकी सोडली, बाबूजी जायचे त्याच क्रमाने पाच नळांवर गेली, नळाचं तोंड ज्योतीने तापवलं, धार सोडून दिली, बाटली भरली. टोलीतला नळ नालीच्या कडेला होता. नळाखालची माती उन्हातही ओली होती.

दोन दिवसांनी कैलाश कागद घेऊन आला. तीन चांगले. टोलीकडचे दोन पिण्यास अयोग्य.

त्याने खुर्ची ओढली. टेबलावरचा शिक्का उलटासुलटा केला. “मी म्हनलो होतो, वरून टाकते म्हून. चुकलो मी.”

“मीही.”

“आता काय करतेस? जुना रिपोर्ट बी हाय. तो बी खराच होय, माही सही हाय त्याच्यावर. तो चढवलीस तर कार्ड भेटते, बाबूजीचा सत्कार होते. पाइप मंग कधीबी दुरुस्त होईन. हा चढवलीस तर गाव काय म्हनंन, इचार कर.”

गाव काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं. आठ महिने ती स्वतः तेच म्हणत आली होती.

तिने नवा अहवाल चढवला आणि जुन्यावर कारण लिहून तो रद्द करायला साहेबांकडे पाठवला. मग नव्याची प्रत घेऊन पंचायतीत गेली. सभा भरलेली होती. टेबलावर बाबूजींचा फोटो आधीच आणून ठेवलेला, झेंडूचा हार घालून. भिंतीवर चार हिरवी कार्डं आणि तो मोकळा खिळा.

नत्थूलालांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. “हे काय होय, बाई?”

“टोलीकडचा पाइप नालीजवळ फुटला आहे, काका. घाण आत ओढली जाते. तिकडचं पाणी पिण्यासारखं नाही.”

“पाच सालापासून चांगलं होतं, अन् चैतराम गेला का महिन्याभरात खराब झालं?”

“तेव्हाही खराब असेल. कळलं नाही.”

मागून बकाराम बोलला. पंचायतीत त्याला विचारल्याशिवाय तो नेहमीच बोलायचा. “मंग सरळ म्हन ना, पाच सालापासून तुहा बाप आमाले नालीचं पानी पाजून कार्ड घेत होता!”

दोघं-तिघं हसले. कुणीतरी बकारामला गप्प बस म्हटलं, पण त्या म्हणण्यात जोर नव्हता. सगळे चेतनाकडे पाहत होते. त्या नजरा तिच्या ओळखीच्या होत्या. बाबूजी खिडकीशी वाकायचे तेव्हा ती त्यांच्याकडे असंच पाहायची.

“त्यांनी काही खोटं केलं नाही,” ती म्हणाली. “बाटलीत आम्ही एक औषध टाकून देतो. वाळलं की डागासारखं दिसतं. त्यांना वाटलं घाण आहे, म्हणून ते चुलीवर पाणी उकळून प्रत्येक बाटली धुवायचे. त्यांना कोणी सांगितलं नाही की धुवायची नसते. सांगायचं काम आमच्या ऑफिसचं होतं. माझं होतं. मी दर वेळी त्यांच्या हातात बाटल्या दिल्या आणि सांगितलं नाही.”

कोपऱ्यातून मुन्नीबाईचा आवाज आला, “धुवत होते, हे खरं होय. मी पाहिलो. मी म्हनलो बी होतो, मामाजी, लगनाची भांडी घासता का जी? तर म्हने, पोरीच्या ऑफिसची होत.”

नत्थूलालांनी कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा केली. “टोलीतला नळ म्हंजे आमच्या रिंकीच्या दारापुढचा.”

“हो, काका.”

त्यांनी भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “बकाराम, फावडं घे. तो पाइप उकरून पाहू आजच. अन् तोवरी टोलीतलं पानी कोनी पिऊ नका, शाळेजवळच्या नळाचं आना.” उठताना त्यांनी टेबलावरच्या फोटोवरचा हार सरळ केला. कार्डाबद्दल ते काही बोलले नाहीत.

साजाटोल्याला त्या वर्षी पिवळं कार्ड मिळालं. पाइपचा जोड खरोखरच नालीत बुडालेला सापडला, तो बदलला. काही घरांत अजूनही म्हणतात की चैतरामने काहीतरी केलं असेलच, उगाच का पोरीला इतकं समजावून सांगावं लागलं. काही घरांत तसं म्हणत नाहीत. प्रयोगशाळेच्या खिडकीवर आता एक कागद चिकटवलेला आहे आणि बाटल्या देताना चेतना तो प्रत्येकाला वाचूनही दाखवते. लोक कंटाळतात.

सभा संपली त्या दिवशी ती घरी आली, तेव्हा आई टोलीत, नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगायला गेली होती. अंगण रिकामं होतं. ती गोठ्यामागे गेली. बांबूंवर दोन्ही बाटल्या तशाच पालथ्या होत्या. त्या ऑफिसला परत करायच्या होत्या, रजिस्टरला दोन कमी दिसत होत्या. तिने एक हातात घेतली. तळाशी बोट फिरवून पाहिलं. डाग कुठेच नव्हता. इतकी स्वच्छ बाटली प्रयोगशाळेतून कधी बाहेर पडली नव्हती.

तिने ती पुन्हा बांबूवर ठेवली, नीट बसली का पाहिलं. मग, खिडकीशी कुणी वाकून उभं असावं आणि त्याला ऐकू जावं एवढ्या आवाजात म्हणाली,

“बाबूजी, ते पांढरं आमीच टाकतो. धुवू नका.”